नाच, कॅमेरा आणि बडोदं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण दांडिया बाजारातल्या एका गच्चीवर जमतो, कंटेंपररी डान्स करतो आणि नाचाच्या छोट्या फिल्म करतो. ग्रुपला नाव नाही, फी नाही. नंतरच्या शेव-उसळीचे पैसे तेवढे वाटून घेतो. फिल्म बघून लोक व्हॉट्सॲपवर विचारतात, आणि फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. काही ठिकाणी माझी मतं घुसली आहेत, ती ओळखू येतील.

१. कंटेंपररी म्हणजे नक्की काय? टीव्हीच्या डान्स शोमध्ये दाखवतात तेच का?

तेही, पण तेवढंच नाही. टीव्हीवर त्या नावाखाली बहुतेकदा एक रडवं गाणं, जमिनीवर लोळण, एक उंच लिफ्ट आणि शेवटी मिठी असते. मुळात हे एका शैलीचं नाव नाही. विसाव्या शतकात बॅले आणि मॉडर्न डान्सच्या चौकटी मोडत ज्या अनेक वाटा निघाल्या, त्या सगळ्यांना मिळून आपण हे नाव देतो. त्यातल्या काहींना, उदाहरणार्थ मार्था ग्रॅहम किंवा मर्स कनिंगहॅम या अमेरिकी नर्तकांच्या तंत्राला, स्वतःचा कडक रियाज आहे. काहींना जवळजवळ काहीच ठरलेलं नाही.

तरी काही खुणा सांगता येतात. शरीराचं वजन लपवायचं नाही, ते जमिनीला द्यायचं. श्वास ऐकू आला तर येऊ द्यायचा. कणा ताठच हवा असं नाही. पडणं ही चूक नाही, हालचाल आहे. म्हणून "कंटेंपररीच्या दहा स्टेप्स पाठवा" असा मेसेज आला की मी काही पाठवू शकत नाही. भरतनाट्यमच्या अडवूंची, म्हणजे मूळ हालचालींची, यादी असते, याची नसते.

२. माझं वय २४, बँकेत नोकरी, नाच कधीच शिकले नाही. उशीर झाला का?

बॅले करायचा असता तर झाला असता. यासाठी नाही.

सुरुवात घरातल्या एका कामापासून करा: कणीक मळणं, स्कूटर स्टँडवर चढवणं, ओला टॉवेल पिळणं. आधी ते काम खरंच करा. मग तेच तिप्पट सावकाश करा. मग हातातली वस्तू काढून घ्या आणि वजन मात्र तेवढंच ठेवा. पिळताना खांदा कुठे वर जातो, ओठ कधी आवळले जातात, हे तेव्हाच कळतं. आमच्यातला एकजण दिवसभर कागदांवर शिक्के मारतो. त्याने फक्त शिक्का मारणारा हात घेतला, तो हात संध्याकाळी घरी येऊनही थांबत नाही अशी दोन मिनिटांची फिल्म केली. बायको ताट वाढते आणि हा ताटाच्या कडेवर शिक्का मारतो! त्याला एकही स्टेप येत नाही.

तंत्र हवंच असेल तर ते पुढे शिकता येतं (प्रश्न ६).

३. भरतनाट्यमच्या ताई म्हणतात, हे सुरू केलंस तर अरैमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची मूळ बैठक) बिघडेल. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत, शरीर अजून घडत असताना, दोन विरुद्ध सवयी एकदम लावल्या तर दोन्ही कच्च्या राहतात. अरैमंडीत धड उचललेलं आणि स्थिर, तर कंटेंपररीत तेच धड सैल सोडायचं. ताईंची काळजी रास्त आहे, उलटून बोलू नका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी करा, आणि ताईंना सांगून करा. लपवलेलं बडोद्यात लपत नाही, गाव तसं छोटंच आहे.

पण "परंपरा म्हणजे न बदलणारी" हे कुणी सांगितलं तर आपल्याच गावाचा इतिहास सांगा. भरतनाट्यम बडोद्यात आलं तेच लग्नाच्या वरातीबरोबर म्हणायला हवं. १८८० साली सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं, ती पुढे चिमणाबाई झाली, आणि तिच्यापाठोपाठ तंजावरचे नर्तक-वादक इथल्या दरबारी आले. तंजावर म्हणजे भोसल्यांचं, तेव्हा सासर-माहेर दोन्ही मराठी आणि मधला नाच तमिळ. त्या नर्तकांच्याच घराण्यातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथल्या विद्यापीठात शिकवत होते. दरबारातून वर्गात येताना नाच बदलला नसेल, असं होईल का?

अहमदाबादला कुमुदिनी लाखिया यांनी कथक एकटीच्या नाचातून समूहात आणलं, कृष्णकथेशिवायही उभं केलं. नवसारीत जन्मलेले अस्ताद देबू आधी कथक शिकले, मग लंडनला जाऊन ग्रॅहम तंत्र, परत येऊन कथकली. त्यांचं कथक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते शोधून सापडत नाही.

४. गरबा किंवा मंगळागौरीचे खेळ घेऊन कंटेंपररी करता येतं का? की तो अपमान होईल?

करता येतं, आणि माझ्या मते बडोद्यात राहून ते न करणं म्हणजे विहिरीकाठी बसून बाटलीबंद पाणी पिणं. गरब्यात तीन गोष्टी आयत्या मिळतात: वर्तुळ, टाळी आणि पुढे जाऊन मागे येणारं पाऊल. त्यातली एकच घ्या. टाळी काढून टाका, फक्त टाळी होण्याआधी हात जवळ येतात तेवढं ठेवा. किंवा वर्तुळात एकटीच चाला, बाकीचे गेलेले आहेत असं समजून.

२०२३ साली युनेस्कोने गरबा अमूर्त वारशाच्या यादीत घेतला, तेव्हापासून "हात लावू नका" म्हणणारे वाढलेत. माझी रेषा साधी आहे: आरती आणि गरबीची पूजा चालू असताना कॅमेरा खाली. नाचणाऱ्या अनोळखी बायकांचे जवळून शॉट विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. मैदानावर आयोजकांचे नियम असतात, ते आधी विचारायचे.

मंगळागौरीचं तर आपल्याकडे कुणी बघतही नाही. फुगडीत दोघींचं वजन एकमेकींच्या मनगटावर असतं, एकीने सोडलं तर दुसरी पडते. परदेशी वर्कशॉपात हेच 'काउंटरबॅलन्स' म्हणून पैसे घेऊन शिकवतात. पिंगा, झिम्मा, आगोटा-पागोटा... आज्यांना विचारा. मात्र आजीला दहाव्यांदा "पुन्हा एकदा" म्हणू नका, गुडघे तिचे आहेत.

५. डान्स फिल्म आणि डान्सचा व्हिडिओ यांत फरक काय? दोन्ही कॅमेऱ्यानेच काढतात ना?

स्टेजवरच्या कार्यक्रमाचं शूटिंग ही नोंद. रील म्हणजे एका कोनातून, एका गाण्यावर, प्रेक्षकाकडे तोंड करून केलेला नाच. त्यात वाईट काही नाही. डान्स फिल्ममध्ये नाच कॅमेऱ्यासाठी आणि संकलनासाठी रचलेला असतो. मी एकच कसोटी लावते: हे स्टेजवर जसंच्या तसं करता आलं असतं का? आलं असतं तर ती अजून फिल्म नाही.

जुनं आणि अजूनही न हरलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेत प्रायोगिक फिल्म करणाऱ्या माया डेरेन यांची १९४५ सालची काही मिनिटांचीच मूक फिल्म. नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो एका घरातल्या खोलीत. हालचाल एकच, सलग. जागा मात्र बदललेली. हे शरीराला एकट्याला जमत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही. दोघं मिळून करतात. आपल्याकडे उदय शंकर यांनी १९४८ साली 'कल्पना' हा पूर्ण लांबीचा चित्रपट नाचातूनच उभा केला, तोही बघा.

आणि बडोदेकरांनी एक लक्षात ठेवावं: दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथल्या कलाभवनात. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याची मुळं शोधायला निघालात तर वाटेत आपलं गाव लागतं.

६. बडोद्यात शिकायचं कुठे? आणि सराव कुठे करायचा, घरात जागा नाही.

पदवीच घ्यायची असेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, सूरसागरजवळ. सयाजीरावांनी १८८६ साली सुरू केलेल्या संगीतशाळेपासून तिची परंपरा सांगतात. नाचात तिथे भरतनाट्यम आणि कथक आहे. कंटेंपररीची पदवी म्हणून तिथे जाऊ नका, पण पाय आणि ताल पक्के करायचे असतील तर याहून चांगली जागा इथे मला माहीत नाही. कंटेंपररीचं सलग प्रशिक्षण हवं तर बंगळुरूच्या अट्टक्कलरीसारख्या संस्थांकडे बघावं लागतं. शहरातल्या खाजगी क्लासांबद्दल नावं घेऊन काही लिहिणार नाही, एवढंच सांगते: पहिल्याच तासाला शिक्षक वॉर्मअपशिवाय स्प्लिट करायला लावत असेल तर दुसऱ्या तासाला जाऊ नका.

जागेचं म्हणाल तर खरा प्रश्न फरशीचा. आपल्या घरांत, हॉलमध्ये कोटा किंवा सिमेंट. त्यावर उड्या मारल्या की नडगी आणि गुडघा पहिल्यांदा तक्रार करतात. नाचासाठीची जमीन लाकडी आणि खालून किंचित लवचीक असते. ती मिळेपर्यंत कोट्यावर उड्या अजिबात नाहीत. लोळणं आणि गुडघ्यावरचं काम सतरंजी घालून किंवा जाड नी-पॅड लावून. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर फिरक्या घेऊ नका. सतरंजीखाली रबराची जाळी टाका, नाहीतर सतरंजीसकट घसराल. मी घसरले आहे.

७. फोनवर फिल्म होते का? मोठा कॅमेरा घेतलाच पाहिजे का?

होते. आमच्या सगळ्या फोनवरच्या आहेत. चार गोष्टी सांभाळा.

एक, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनवर होतं. नाही तर पांढरा दुपट्टा फ्रेममध्ये आला की सगळं चित्र काळवंडतं. दोन, वाइड लेन्सने जवळून काढू नका; हात कॅमेऱ्याकडे आला की पंजा घमेल्याएवढा दिसतो. (तसंच हवं असेल तर जरूर काढा.) तीन, पाय कापू नका. घोट्यावर फ्रेम संपणं हा नवशिक्यांचा राष्ट्रीय रोग आहे. एक तर अख्खे पाय दाखवा, नाही तर गुडघ्याच्या बऱ्याच वर थांबा. चार, आवाज वेगळ्या फोनवर, जवळ ठेवून रेकॉर्ड करा.

फ्रेम रेट आणि उजेडाचं पुढच्या प्रश्नात.

८. घरात ट्यूबलाइटखाली शूट केलं तर व्हिडिओत काळे पट्टे धावतात. फोन खराब झालाय का?

फोन बरा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोनमध्ये सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम असतात, त्यांचा या १०० शी मेळ बसत नाही. म्हणून प्रो मोडमध्ये किंवा एखाद्या कॅमेरा ॲपमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद करा. पट्टे जातात. ५० फ्रेम असतील तर शटर १/१००.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. भाड्याच्या हॉलमध्ये सहाजणींना घेऊन चार तास शूट केलं, ३० फ्रेमवर, आणि घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक चेहऱ्यावरून पट्टे सरकतायत. हॉलवाल्याचा दोष नव्हता. पुन्हा भाडं भरलं.

स्लो मोशनसाठी १२० किंवा २४० फ्रेम लागतात, तिथे शटर त्याहून जलद असावंच लागतं, म्हणजे ट्यूबखाली लुकलुक अटळ. स्लो मोशन दिवसाच्या उजेडातच घ्या. आणि कमी घ्या. सगळंच सावकाश असलं की सावकाशपणाला किंमत राहत नाही.

९. शूटिंग कुठे करता येईल? परवानगी कुणाची लागते?

सगळ्यात सोपं म्हणजे घर, जिना, गच्ची. खाजगी जागा, मालकाची संमती, संपलं. उत्तरायणाच्या आठवड्यात मात्र गच्चीवर नाचायला जाऊ नका. मांज्याने गळा कापल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि तुम्ही तर डोळे मिटून फिरक्या घेणार.

कमाटी बाग पालिकेची. हातात फोन घेऊन दोघं-तिघं असाल तर सहसा कुणी हटकत नाही; ट्रायपॉड, स्पीकर, कपडे बदलणं सुरू झालं की रखवालदार येतो आणि तो बरोबर असतो. पालिकेकडे अर्ज करा. लक्ष्मी विलास पॅलेस राजघराण्याची खाजगी मालमत्ता आहे, तिकीट काढलं म्हणजे शूटिंगचा हक्क मिळाला असं नाही.

चांपानेर-पावागड इथून साधारण ५० किलोमीटर, २००४ पासून जागतिक वारसा. तिथल्या मशिदींचे दगडी खांब बघून प्रत्येक नाचणाऱ्याच्या अंगात येतं. पण ती स्मारकं पुरातत्त्व खात्याची आहेत. ट्रायपॉड आणि फिल्मिंगसाठी आधी लेखी परवानगी लागते. दगडावर चढून नाचायचं नाही, परवानगी असली तरी.

आता विश्वामित्री. दर पावसाळ्यात कुणीतरी "काठावरच्या चिखलात सरपटत येते" अशी कल्पना घेऊन येतं. त्या चिखलात आधीपासून सरपटणारे राहतात. शहरातून वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी आहेत. पुलावरून, कठड्याच्या अलीकडून काढा.

१०. ड्रोन वापरू का? मित्राकडे छोटा आहे.

२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला बिगर-व्यावसायिक वापरासाठी पायलटचा परवाना लागत नाही, पण म्हणून कुठेही उडवता येत नाही. हरणीचा विमानतळ शहराला चिकटून आहे, त्यामुळे आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवणं गुन्हा आहे. माझं विचाराल तर वरून नाच मुंग्यांसारखा दिसतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून खाली अंगणात काढा, तेवढी उंची पुरते.

११. गाणं कुठलं घेऊ? ३० सेकंदांपर्यंत कुठलंही चालतं ना?

नाही चालत. ३० सेकंदांचा नियम भारतीय कायद्यात कुठेही नाही, ही कुणीतरी उठवलेली वावडी आहे. इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतलं गाणं इन्स्टाग्रामवर ठीक; तीच फिल्म फेस्टिव्हलला पाठवली की ती मुभा संपली.

गुंता इथे होतो: तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण त्याचं एखाद्या गायकाने केलेलं रेकॉर्डिंग असतं. रेकॉर्डिंगचे हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतात. ते संपले तरी गीतकार-संगीतकाराचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतात. म्हणजे १९५५ ची तबकडी मोकळी झाली तरी त्यावरचं गाणं मोकळं झालंच असं नाही.

मार्ग सोपा आहे. अभंग आईकडून म्हणवून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. चाल पारंपरिक आहे ना, तेवढी खात्री करा; रेडिओवरची चाल संगीतकाराची असते. किंवा गाणंच नको. कुकरची शिट्टी, पावलं, श्वास, खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला. आमची सगळ्यात बरी फिल्म अशीच झाली (प्रश्न १२).

१२. एडिटिंग करताना कापायचं कुठे? मी बीटवर कापते, पण जाहिरातीसारखं दिसतं.

बीटवर कापता म्हणूनच. प्रत्येक समेवर कट दिला की बघणारा मात्रा मोजायला लागतो, नाच बघत नाही.

हालचालीच्या पोटात कापा. हात कमरेपासून निघाला, छातीपर्यंत आला, इथे कट. दुसऱ्या कोनातून छातीपासून वर. डोळा हाताच्या मागे धावत असतो, त्याला सांधा दिसत नाही. त्यासाठी शूट करताना दोन्ही कोनांतून अख्खी हालचाल करून घ्यावी लागते, आधीच्या दोन क्षणांसकट. नवशिके नेमकं "आता फक्त पुढचं कर" म्हणतात आणि घरी जाऊन रडतात, कारण थांबून सुरू केलेल्या हाताला वेग नसतो.

आणि पहिलं एडिट आवाज बंद करून करा. फिल्म मुक्यानं उभी राहत नसेल तर गाणं तिला फक्त झाकेल.

घडियाळी पोळमधल्या एका जुन्या घरात लाकडी जिना आहे, चौदा पायऱ्या. एक मुलगी तो उतरते, एवढीच कल्पना. नवव्या पायरीची फळी करकरायची. आम्ही तो आवाज काढायला बघत होतो. शेंगदाण्याचं तेलसुद्धा सोडलं. मग लक्षात आलं की ती दर वेळी आठव्या पायरीवर क्षणभर थांबते, अंगठा पुढे करून नववीला चाचपते. लहानपणी रात्री उशिरा आलं की वडील त्याच आवाजाने उठायचे, ते शरीराला आठवत होतं. तिला स्वतःला नाही. आम्ही जिन्याचं शूटिंग टाकून दिलं आणि फक्त तो अंगठा काढला. खरवडलेलं नेलपॉलिश, घासून गुळगुळीत झालेली फळी, आणि न ठेवलेलं पाऊल. दोन मिनिटं चाळीस सेकंद. करकर शेवटी एकदाच आहे.

१३. घरचे म्हणतात, "हे कसलं वळवळणं? नीट नाच कर." काय सांगू?

बहुतेकदा विरोध नाचाला नसतो, न कळण्याला असतो. समजावून सांगू नका, करायला लावा. आजीला झिम्मा विचारा, बाबांना ट्रायपॉड धरायला द्या. कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस सहसा विरोधक राहत नाही.

फाळक्यांची एक हकीकत सांगतात: त्यांनी बडोद्यात फोटो काढण्याचा धंदा मांडला तो चालेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी लोकांत समजूत होती. तुमच्या काकूंचं म्हणणं त्यापुढे सौम्यच आहे.

१४. मी मुलगा आहे. मित्र हसतात.

तेच मित्र नऊ रात्री केडियू घालून नाचतात. तोच हात, तीच कंबर. फक्त तुम्ही सावकाश केलंत आणि ढोल काढून टाकलात. हसतील काही दिवस. त्यातला एखादा पुढच्या शनिवारी बघायला येतो, हे मी तीनदा पाहिलंय.

१५. मला माझ्याच आयुष्यातलं दुखणं मांडायचंय. घरातली माणसं त्यात येतात. चालेल का?

मांडा, पण मांडणं आणि प्रसिद्ध करणं या दोन पायऱ्या आहेत, त्यांच्यात महिनाभर जाऊ द्या. ज्या माणसाबद्दल आहे तो ओळखू येत असेल तर आधी त्याला दाखवा. नाव, घर, नातं न दाखवताही काम होतं: वडिलांचं ओरडणं दाखवायला वडील लागत नाहीत, आठव्या पायरीवर थांबणारा अंगठा पुरतो.

ज्याच्यामुळे तुम्हाला त्रास झाला त्याला दाखवण्याची सक्ती अर्थातच नाही. तिथे एखाद्या भरवशाच्या माणसाशी आणि गरज वाटली तर वकिलाशी बोलून ठरवा.

आणखी एक. तालमीनंतर मन हलकं होणं वेगळं, आणि दिवसचे दिवस झोप न लागणं वेगळं. दुसरं होत असेल तर नाच थांबवा आणि बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आम्ही गच्चीवर नाचतो, उपचार करत नाही.

१६. माझी कोरिओग्राफी कुणी उचलली तर? आणि मी दुसऱ्याची शिकून केली तर?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरली आहे, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असली पाहिजे. सुटी स्टेप कुणाची नसते. सलग रचना असते. म्हणून तारखेसह नोंद ठेवा, वहीत आकृत्या काढून ठेवल्या तरी चालतील. दुसऱ्याची शिकून केलीत तर विचारा आणि फिल्मच्या शेवटी नाव द्या. क्लासमध्ये फी भरून शिकलेली रचना फी भरल्यामुळे आपली होत नाही, यावरून गावात बरेच रुसवे आहेत.

१७. माझी भाची १२ वर्षांची आहे. तिला फिल्ममध्ये घेऊ?

आईवडिलांची लेखी संमती, शूटिंगला घरातलं कुणीतरी हजर, आणि भाचीने "नको" म्हटलं की थांबायचं. तिचं "नको" आईच्या सहीपेक्षा मोठं. व्यावसायिक निर्मितीत १४ वर्षांखालच्या मुलांसाठी नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मिळालेल्या पैशातला किमान २० टक्के वाटा तिच्या नावावर ठेव. घरगुती फिल्मला ही कागदपत्रं लागत नाहीत, पण तासांचा नियम आम्ही पाळतो. खरं तर आम्ही दोन तासांतच थांबतो. शाळेचं नाव, गणवेश, घराची पाटी फ्रेममध्ये नको.

१८. फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर आधी यूट्यूबवर टाकू का?

थांबा. काही फेस्टिव्हलांना आधी कुठेच न दाखवलेली फिल्म हवी असते, काहींना फरक पडत नाही. प्रत्येकाचे नियम वाचा, मग ठरवा. तोपर्यंत खाजगी लिंक. संगीताच्या हक्कांचे कागद तिथे मागतात, म्हणून प्रश्न ११ शूटिंगच्या आधी वाचायचा, नंतर नाही. पैशांबद्दल: आम्हाला आजवर यातून एक पैसाही मिळाला नाही, प्रवेश-फी मात्र गेली आहे. फी नसलेल्या फेस्टिव्हलांपासून सुरुवात करा.

१९. मला चालता येत नाही / ऐकू येत नाही. मी येऊ शकतो का?

हो. अस्ताद देबू यांनी कर्णबधिर कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. ताल जमिनीच्या कंपनातून आणि डोळ्यांनी धरता येतो. व्हीलचेअरसाठी आमची गच्ची निरुपयोगी आहे, तीन मजले, लिफ्ट नाही. आधी कळवा, त्या शनिवारी आम्ही खाली अंगणात येतो. अंगणात उजेड चांगला असतो, आळसाने आम्ही जात नाही एवढंच.

२०. शनिवारी थेट आलो तर चालेल? काय आणू?

चालेल. पाण्याची बाटली, सैल पँट, फोन चार्ज केलेला. पैंजण, बांगड्या काढून या, रेकॉर्डिंगमध्ये वाजतात. एप्रिल ते जून साडेसहाच्या आधी येऊ नका. आम्ही सहाला गच्चीवर चार बादल्या पाणी मारतो, तरी साडेसहापर्यंत तळवे भाजतात. लवकर आलातच तर पाचवी बादली तुमची.